सहा ते सातचा तास

माझ्या बहिणीची मुलगी पाचवीपासून माझ्याकडे महाडला राहून शिकली. बहिणीचं घर पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वर एका वाडीवर. पोरीला पळायचं वेड. मी शाळेत मराठी शिकवणारी, पळण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण तिच्यासाठी पहाटे उठून नाचणीची आंबील करायला लागले. पाच हजार मीटरमध्ये ती राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचली आणि उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीसाठी जी यादी असते, तिच्यात तिचं नाव आलं.

त्या यादीतल्या खेळाडूने रोजचा एक तास ठरवायचा आणि त्या तासात आपण कुठे सापडू, ते फोनवरच्या अ‍ॅपमध्ये भरून ठेवायचं. अधिकारी न सांगता येतात, नमुना घेऊन जातात. बारा महिन्यांत तीनदा चुकलं की बंदी, औषधाला हात लावलेला नसला तरी. तिने सकाळी सहा ते सात हा तास दिला होता.

पहिल्यांदा चुकलं ते शिमग्यात. पालखी घरी येणार म्हणून ती वाडीवर गेली आणि अ‍ॅपमध्ये पत्ता राहिला महाडचा. अधिकारी बाई तासभर माझ्या ओट्यावर बसून होत्या. मी फोन लावत राहिले, पण वाडीवर रेंज कुठली! दुसऱ्यांदा भातलावणीच्या दिवसांत. पुढच्या तीन महिन्यांची माहिती भरायची मुदत ती चिखलात उभी असतानाच संपून गेली; तीही एक चूकच धरतात.

तिसऱ्यांदा दिवाळीनंतर. या वेळी पत्ता वाडीचा, अगदी बरोबर भरलेला. सहाच्या आत परत येईन म्हणून ती पाचला पळायला निघाली. थंडी छान होती, पाय हलके पडत होते, आणि घड्याळ न बघता ती लांब निघून गेली. इकडे सहाला त्याच बाई चढण चढून अंगणात आल्या. बहिणीला वाटलं, घरकुलाच्या कामासाठी कुणी मॅडम आल्यात.

"पोरगी घरात नाय," तिने सांगितलं. "डोंगरात पळाया गेलीय. तुमी बसा, भाकरी खावा."

बाई बसल्या. भाची परतली तेव्हा सात वाजून आठ मिनिटं झाली होती.

"तास संपला, बाळ," बाई म्हणाल्या. "मला लिहावंच लागेल." त्यांचाही चेहरा उतरला होता, असं बहीण सांगते.

निरोप कळताच मी वाडीवर गेले. बहीण रडत होती. "मी 'ती निजलीय' म्हटलं असतं तर?"

"आये, मग त्यांनी उठव म्हटलं असतं," भाची म्हणाली, आणि बहिणीला रडतारडता हसू फुटलं.

शेजारचे काका तर पेटलेच होते. "आमी सगळी सही करताव. बाई दुसऱ्याच घरात जाऊन बसलेली, असं लिवून देताव. वाडीत आडनाव एकच हाय, कोण इचारतंय?"

मला ते पटलं, हे कबूल करते. महाडला परतल्यावर मी तसा खुलासा लिहिलासुद्धा. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती त्यात. भाचीने वाचला आणि तो परिच्छेद पेनाने खोडून टाकला.

"मावशी, त्या आपल्याच घरी आल्या होत्या. आयेच्या हातची भाकरी खाऊन गेल्या."

"अगं, पण तू काही घेतलेलं नाहीस!"

"ते मला ठाऊक, तुला ठाऊक. बाकीच्यांना कसं कळणार?" मग तिने मला एका जुन्या शर्यतीची आठवण करून दिली. त्यात ती चौथी आली होती. दुसरी आलेली मुलगी पुढे तपासणीत दोषी ठरली, आणि भाचीचं कांस्यपदक कित्येक महिन्यांनी कुरिअरने आमच्या दारात आलं. "तिला कुणी असंच न सांगता जाऊन धरलं म्हणून ते मला मिळालं ना?"

सुनावणी माझ्या लॅपटॉपवर झाली. तिने तिन्ही चुका जशा घडल्या तशा सांगितल्या. रेंज नसते हेही सांगितलं, पण रडली नाही. दोन वर्षांची होऊ शकणारी बंदी एक वर्षाची झाली.

ते वर्ष तिने गडाच्या पायथ्याला हिरकणीवाडीत ओळखीच्या एका बाईंच्या खाणावळीत काढलं. सकाळी एकटीच गडाच्या वाटेवर पळायची, मग रोपवेच्या पर्यटकांना पिठलं-भाकरी वाढायची. कुणी ओळखलं तर बंदीचं कारण स्वतःहून सांगायची. तरी एक गृहस्थ म्हणालेच, "म्हणजे औषध घेतलं होतंस तर!" त्या दिवशी तिने फोन करून त्यांचे शब्द मला जसेच्या तसे सांगितले. औषध घेणाऱ्यावर बंदी आणि तास चुकवणाऱ्यावरही बंदी. लोकांना दोन्ही सारख्याच. मला तो अन्याय वाटला, अजूनही वाटतो. ज्यांच्या घरात रेंज आहे त्यांनीच हा नियम केलाय, असं मी तिला म्हटलं.

"रेंजच्या जागेपर्यंत मला पळत जाता आलं असतं, मावशी," ती म्हणाली. "पळणं हेच तर माझं काम."

गेल्या हिवाळ्यात बंदी संपली. राज्य स्पर्धेला मी आणि बहीण दोघी गेलो. शेवटच्या फेरीत ती पाचवी होती, पाचवीच राहिली. बहीण कठड्याला धरून ओरडत होती, "पळ गो, पळ!" शर्यत संपून सगळ्या मुली खाली बसल्या, तरी तिचं ओरडणं थांबेना. भाचीने लांबूनच दोन्ही हात वर केले आणि पोट धरून हसत सुटली.