मडक्यावरचा लाल डाग

शिरगावात कुणी भाताचं तूस पेटवलं की अजून मला ती भट्टी आठवते. कुंभाराच्या घरात लग्नाचं पहिलं वर्ष होतं. मडकी काळी करायची तर पेटती भट्टी तुसाने आणि ओल्या शेणाने बुजवून आत धूर कोंडायचा. वारा शिरला की मडकी लाल पडतात. निर्वासितांच्या वस्तीतला, कॅम्प एकमधला सिंधी शेठ फक्त काळीच घ्यायचा. सासू शिवमंदिराला निघाली तेव्हा म्हणाली, "मी येईस्तोवर हात लावू नको." दुपारी धूर थांबला. आग विझली, मडकी कच्ची राहिली, आता मला माहेरी धाडतील, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. शेवटी बोटाएवढं भोक पाडलं. आत निखारा लालबुंद होता. लगेच चिखलाने लिंपलं. दुसऱ्या सकाळी सासूने भट्टी उघडली. सगळी काळीभोर निघाली, एकावर मात्र लाल डाग. सासूने ते माझ्यापुढे धरलं. "काय गं बाय, बोटाला खाज सुटली व्हती?" तिने मडकं माझ्या हातात दिलं. "हे शेठला नको. तूच रांध यात." अजून त्यातच भात शिजवते. चुलीच्या काजळीखाली डाग कधीच झाकला गेला. जागा मला माहीत आहे.