कुमुदिनीकाकूंचं हेवी डिपॉझिट

"भाडेकरूचं डिपॉझिट म्हणजे पाहुण्याच्या चपला. दाराशी जपायच्या, आपल्या पायात घालून मिरवायच्या नाहीत."

हे वाक्य कुमुदिनीकाकूंच्या तोंडी इतकं बसलेलं होतं, की पालमच्या त्या गल्लीतली हिंदी बोलणारी माणसंही 'मेहमान की चप्पल' म्हणून ते एकमेकांना ऐकवत. काकू वाईकडच्या. उंच, सावळ्या, झपझप चालणाऱ्या. खुर्चीवर बसल्या तरी त्यांच्या पायाचा अंगठा हलत राहायचा, जणू अर्ध्या बाई अजून वाटेवरच आहेत. लग्न होऊन दिल्लीला आल्या त्या थेट लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात. नवरा अशोकराव मंत्रालयात कारकून. आयुष्यभर रिक्षाचे पैसे वाचवून त्या माणसानं पालमला एका अरुंद तुकड्यावर दोन मजले उभे केले. खाली राहायला, वर भाड्याला. निवृत्तीनंतर तो तिथं चार हिवाळे राहिला आणि पाचव्यात गेला. मागे उरली काकूंची फॅमिली पेन्शन, वरच्या मजल्याचं भाडं आणि मुलगा प्रसन्न.

दिल्लीची रीत अशी, की भाडेकरू एका महिन्याच्या भाड्याएवढी रक्कम आगाऊ ठेवतो आणि जाताना घेऊन जातो. जाताना ती पूर्ण मिळत नाही, हेही रीतीतच धरलेलं. नळ गळतो, भिंतीला खिळा मारला, पंखा कुरकुरतो, काहीतरी निघतंच. काकूंकडे कधी निघालं नाही. केरळची एक नर्स वॉशबेसिन फोडून निघाली, तर काकूंनी तिला तिची रक्कम पूर्ण दिली आणि वर रव्याचे लाडू बांधून दिले. कोपऱ्यावरच्या प्रॉपर्टी डीलरनं, धीरजनं, तेव्हा कपाळावर हात मारला होता. "आंटीजी, आप मकान-मालिक हो कि धर्मशाला?"

असं ते घर सुखानं चाललं होतं. मग प्रसन्नला पानिपत दिसलं.

पानिपतला ब्लँकेटं विणतात. जुने कपडे फाडून, पिंजून, त्यांचं पुन्हा सूत काढतात आणि त्या सुताची ब्लँकेटं परदेशी जातात. प्रसन्न एका कंपनीत हिशेब बघायचा. नोकरी सोडून तो या धंद्यात पडला. एका मोठ्या ऑर्डरीसाठी सूत उधार उचललं, माल विणून घेतला आणि समोरच्या पार्टीनं ऑर्डर मोडली. गोदामात ब्लँकेटांचे ढीग आणि दाराशी सुताच्या व्यापाऱ्याचा माणूस. तो माणूस कधी मोठ्यानं बोलला नाही. रोज सकाळी यायचा, काकूंच्या दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा, पाणी मागायचा आणि दुपार झाली की जायचा. एवढंच. पण त्या एका खुर्चीनं काकूंची मान गल्लीत खाली गेली.

गावाहून भावाचा, तात्यारावांचा फोन आला. "कुमे, काय ऐकतोय? अगं, मराठ्यांनी एकदा पानिपत केलं ते पुरलं नव्हतं काय? तुझा लेक पुन्हा गेला तो गेला, तेही ब्लँकेट घेऊन!"

"दादा, हसून झालं असेल तर ठेवते," काकू म्हणाल्या आणि खरंच ठेवला.

नेमका तेव्हाच वरचा मजला रिकामा झाला होता आणि सुयश-मैत्रेयी जागा बघायला आले. दोघं मुंबईची, गुरुग्रामला एका ऑफिसात नोकरीला लागलेली. जागा आवडली. चहा झाला. मग सुयश सहज म्हणाला, "काकू, आपण हेवी डिपॉझिट करूया का? आमच्याकडे मुंबईत असंच चालतं. आम्ही तुम्हाला एकदम दहा लाख देतो. दोन वर्षं भाडं नाही. जाताना आमचे दहा लाख आम्हाला परत. तुम्ही ते बँकेत ठेवा, व्याज तुमचं. दोघांचाही फायदा."

काकूंनी बशी खाली ठेवली. बाहेरच्या खुर्चीवर तो माणूस बसलेला दारातून दिसत होता. त्याच्या हातात काकूंच्याच घरचा पेला होता.

"चालेल," त्या म्हणाल्या.

त्या पैशांना बँकेची हवाही लागली नाही. आठवडाभरात ते पानिपतला पोचले आणि दारातली खुर्ची रिकामी झाली. पाहुण्याच्या चपला काकूंनी स्वतःच्या हातानं मुलाच्या पायात घातल्या. त्या दिवसापासून ते वाक्य गल्लीत त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

पण मनात त्यांनी एक आधार धरला होता. ही दोघं जातील तेव्हा दुसरं कुणी येईल. त्याच्याकडून दहा लाख घ्यायचे, यांना द्यायचे. मुंबईत असंच तर चालतं, असं सुयशच बोलता बोलता म्हणाला होता. एक पाणी वाहून गेलं की मागून दुसरं येतंच.

दोन वर्षं काकू पेन्शनवर राहिल्या आणि वरची पावलं ऐकत राहिल्या. पूर्वी भाडेकरूची पावलं डोक्यावर वाजली की त्यांना बरं वाटायचं, घर कमावतंय असं वाटायचं. आता तीच पावलं छातीत वाजायची. सुयशची जड, टाचेवर पडणारी. मैत्रेयीची हलकी, घाईची. मग एका थंडीत मैत्रेयीची पावलं हळू झाली, जपून पडायला लागली, तेव्हाच काकूंनी ओळखलं. आनंद झाला आणि आनंदाच्या पाठोपाठ दहा लाख आठवले.

जानेवारीत मैत्रेयी गाजराचा हलवा घेऊन खाली आली. "काकू, तुम्हाला कळलंच असेल. सुयशला पुण्याची बदली मिळाली. मुंबईहून माझ्या आईलाही जवळ पडेल. तिथे फ्लॅटही बुक केलाय, मार्चमध्ये पैसे भरायचेत. तर ते डिपॉझिट..."

"हो हो, बिल्कुल," काकू म्हणाल्या. हलव्याचा घास तोंडात तसाच राहिला.

त्या संध्याकाळी त्या धीरजच्या दुकानात गेल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पेन कानावर ठेवलं आणि हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "दस लाख डिपॉझिट? आंटीजी, यहाँ कौन देगा? इतने में लोग मकान का बयाना दे देते हैं. ये बंबई का रिवाज है, पालम का नहीं."

"अरे, पण दोन वर्षं भाडं नाही घेणार मी!"

"किराया महीने का होता है, आंटीजी. दिल्लीवाला महीना देखता है, दस लाख नहीं देखता."

तरी त्यानं माणसं आणली. एक बँकेतला मुलगा आला, आकडा ऐकून जिना उतरून गेला. एक सरदारजी आपल्या सुनेला घेऊन आले, म्हणाले, "बीबीजी, इन्ने विच तां असीं आपणा ट्रक लै लइए." एवढ्यात तर आम्ही आमचा ट्रक घेऊ. मुनिरकाच्या विद्यार्थी वस्तीतून शिकणारी पोरं आली, त्यांना महिन्याचं भाडंच जड होतं. काकूंना तेव्हा कळलं की मुंबईची ती साखळी मुंबईतच चालते. तिथं प्रत्येक येणाऱ्याला ती ठाऊक असते. इथं त्यांनी एकच कडी आणून ठेवली होती आणि तिला पुढं अडकवायला दुसरी नव्हती.

मग मात्र काकूंच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी गच्चीवर जायच्या, वाळत काही घातलेलं नसताना. पुसलेलं टेबल पुसायच्या. मेट्रो स्टेशनपर्यंत जायच्या, कार्ड लावायच्या आधी मागे फिरायच्या. घरातल्या दिवाणाखाली प्रसन्ननं नमुन्याची ब्लँकेटं ठेवली होती, ती बाहेर काढून, झटकून, पुन्हा त्याच घडीवर घालायच्या. वरती पेट्या ओढल्याचा आवाज झाला की हातातलं भांडं खाली ठेवायच्या आणि छताकडे बघत उभ्या राहायच्या.

शनिवारी प्रसन्न पानिपतहून आला. त्याचा धंदा बुडाला होता, पण सुताच्या त्याच व्यापाऱ्यानं त्याला गोदामावर कामाला ठेवलं होतं.

"आई, एवढं काय? त्यांना सांग, सहा महिने थांबा. आपलीच माणसं आहेत ती."

"आपली आहेत म्हणूनच सांगता येत नाही."

"मग रंगाचे कापून घे. बाथरूमचे कापून घे. सगळे कापतात यार."

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. "तुझ्या बापानं कधी सरकारी पेन्सिल घरी आणली नाही. आणि तू मला पोटुश्या पोरीचे पैसे कापायला सांगतोस?"

"मग कुठून आणणार आहेस?" प्रसन्नचा आवाज चढला. "माझ्यासाठी दिलेस, मान्य. पण मी नव्हतं मागितलं. मी म्हटलं होतं, बसू दे त्याला खुर्चीवर. तुलाच तो बसलेला बघवत नव्हता!"

ते खरं होतं. त्यांनी पैसा मुलासाठी दिला असं सगळ्यांना सांगितलं होतं, स्वतःलाही. दिला होता तो दारातल्या खुर्चीसाठी.

दुसऱ्या दिवशी सुयश खाली आला. आज तो बसला नाही. "काकू, धीरज म्हणत होता तुम्ही दहा लाखवाला भाडेकरू शोधताय. म्हणजे आमचे पैसे नाहीयेत का तुमच्याकडे?"

"आहेत की. येतील."

"आहेत की येतील?" त्याचे कान लाल झाले होते. "काकू, सॉरी, पण मी स्पष्ट बोलतो. पैसे मिळाल्याशिवाय आम्ही जागा सोडणार नाही. मुंबईतही हाच नियम आहे."

"सुयश!" जिन्यावरून मैत्रेयीनं हाक मारली. तो वर गेला. जिन्यात दोघांचं दबकं भांडण झालं. त्यातलं एकच वाक्य काकूंना ऐकू आलं, मैत्रेयीचं. "त्यांनी मला डिंकाचे लाडू करून दिलेत रे."

त्या वाक्यानं काकू सुयशच्या बोलण्यापेक्षा जास्त पोळल्या. कुणी आपली कीव करावी आणि तीही आपल्याच जिन्यात, हे वाईच्या त्या बाईला सोसणारं नव्हतं.

सोमवारी त्या बँकेत गेल्या. पेन्शनवर कर्ज मिळतं, ते त्यांनी काढलं. पाटल्या आणि मोहनमाळ तारण ठेवली. सोन्याला हल्ली असा भाव आला होता, की काउंटरवरच्या मुलीनं आकडा सांगितला तेव्हा काकूंना आपल्या सासूची आठवण झाली, तिनं ती माळ तीन गाईंच्या दुधावर घडवली होती. दहा लाख जमले. आता हप्ते. पेन्शनीतला मोठा भाग बँक कापणार आणि सोनं सोडवायचं तर महिन्याला आणखी एक रक्कम बाजूला पडायला हवी. वरचा मजला एकटा ते ओढू शकत नव्हता.

काकू बँकेतून निघाल्या त्या सरळ धीरजकडे. "नीचे का भी लगा दो," त्या म्हणाल्या. "दोनों मंज़िल. महीने के किराये पे. दिल्ली के रिवाज से."

धीरज उठून उभा राहिला. "और आप, आंटीजी?"

"मैं मुनिरका जा रही हूँ."

मुनिरकाला महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीची, पूर्वी नावाची एक मुलगी राहायची. बीडची. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. तिच्यासोबत आणखी मराठी पोरं होती आणि डब्याला सगळी कंटाळलेली. पूर्वीनं तिच्याच इमारतीत तळमजल्यावरची एक खोली काकूंना बघून दिली. काकू तिथं स्वयंपाक करणार, पोरं महिन्याचे पैसे देणार. खोलीच्या मालकानं एका महिन्याचं भाडं आगाऊ मागितलं, तेव्हा काकूंनी ते दोन्ही हातांनी दिलं आणि जाताना परत मिळेल का, असं विचारलंसुद्धा नाही.

पैसे मैत्रेयीच्या खात्यावर गेले तेव्हा काकू खाली पोळ्या करत होत्या. वरती फोन वाजल्याचा बारीक आवाज झाला. पावलं थांबली. मग जड पावलं जिना उतरली.

सुयश दारात उभा राहिला. "काकू, मला कळलं धीरजकडून. तुम्ही घर सोडताय? असं कशाला? अर्धे घ्या परत. आम्ही थांबतो, खरंच. फ्लॅटच्या बँकेशी मी बोलेन."

"पोळी खाशील?" काकूंनी विचारलं.

"काकू, प्लीज."

"सुयश, पैसे तुझे होते. तू मागितलेस ते बरोबर केलंस. आवाज चढवलास ते चुकलं. आता पोळी खा."

त्यानं उभ्या उभ्या खाल्ली. मान वर केली नाही.

वरचा मजला सुयश-मैत्रेयी गेल्यावर भाड्यानं जायचा होता; खालचा लगेच एका लायब्ररीला गेला. दिल्लीत तिथं पुस्तकं नसतात. लाकडी कप्प्यांत मुलं महिन्याचे पैसे भरून बसतात आणि आपापला अभ्यास करतात. सुतार आले, मोजमापं घेऊन गेले. ज्या भिंतीला अशोकरावांचा फोटो होता तिथं कुणीतरी पेन्सिलीनं 'सॉकेट' लिहिलं. काकूंनी ते वाचलं आणि फोटो गुंडाळताना तिकडे पाठ केली.

निघायच्या सकाळी धुकं होतं. प्रसन्न आदल्या संध्याकाळीच येऊन राहिला होता. मोठं सामान टेम्पोनं पुढे गेलं होतं. काकूंच्या हातात एक पिशवी, खांद्यावर पानिपतचं एक ब्लँकेट.

"आई, मी येतो मुनिरकापर्यंत."

"तू कामावर जा. तुझी गाडी चुकेल."

"आई, मी फेडीन सगळं."

"फेडशील," काकू म्हणाल्या. त्यात माया होती की टोमणा, ते प्रसन्नला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. "आणि जेवत जा वेळेवर. गोदामात धुळीत बसतोस."

किल्ल्या त्याच्या हातात देऊन त्या वळल्या. दाराला हात लावला नाही, उंबऱ्याकडे पाहिलं नाही. धीरजच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. तो आतून वाकून बाहेर आला आणि नमस्ते म्हणाला, आज न हसता. काकूंनी मान हलवली आणि त्या झपझप चालत राहिल्या, भाजीच्या गाड्याला वळसा घालून, मेट्रोच्या दिशेनं, त्या बाईला कुठं उशीर झालाय असं कुणालाही वाटावं अशा चालीनं.

वरच्या गॅलरीत मैत्रेयी एक हात पोटावर ठेवून उभी होती. खाली फाटकाशी प्रसन्न किल्ल्या मुठीत धरून बघत होता. धुक्यात आधी पिशवी दिसेनाशी झाली, मग ब्लँकेटाचा लाल रंग. दोघंही तिथंच उभी राहिली, एक वर, एक खाली.