भाऊंचं साइडर

श्रीवर्धनचे भाऊ पेंडसे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे. हिमाचलची आठ दिवसांची सहल करून आले आणि साइडरमधले, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसातले, जाणकार झाले. "सफरचंदाचं साइडर काय असतं ते पाजतो तुम्हाला," म्हणत त्यांनी मित्रांना घरी बोलावून सफरचंदं किसायला बसवलं. स्वतः मात्र खुर्चीतून हलले नाहीत, हिमाचलच्या गप्पा हाणत राहिले. अनुसूयावहिनींनी कीस फडक्यातून पिळून रस बरणीत भरला, आणि तीस वर्षं कोकमाचं खारं आगळ घालणारा त्यांचा हात सवयीने मिठाच्या डब्यात गेला. भाऊंचं लक्ष होतं कुठे?

पंधरा दिवसांनी तीच मंडळी जमली. भाऊंनी ऐटीत पेले भरले. पहिल्याच घोटाला शेजारच्या हिरामणचं तोंड असं झालं, जणू समुद्रात बुडी मारताना ते उघडंच राहिलं.

वहिनी ओशाळून म्हणाल्या, "अहो, मीठ माझ्या हातून पडलं."

भाऊंना सुटायला वाट मिळाली होती. पण ती धरली, तर आपण नुसत्या गप्पा हाणत होतो हे कबूल करावं लागणार.

"पडलं काय? घालायचंच असतं," भाऊ म्हणाले. "तिकडे असंच पितात."

"मग तुम्हीच प्या, भाऊ. आमाला सवय न्हाय," हिरामणने पेला त्यांच्यापुढे सरकवला. "वहिनी, चहा टाका."

मंडळींनी चहा फुरकला. भाऊंनी हिरामणचाही पेला संपवला आणि चव कशी झकास उतरलीय, ते कोणी न विचारता सांगितलं.