दारांएवढे स्पीकर

नातवंडांना वाटतं, आजी जन्मापासूनच अशी मांडी घालून शेंगा सोलत बसलेली आहे. वाटू दे बापड्यांना. तिशीत माझं आणि बसण्याचं वैर होतं. ठाण्याच्या ऑफिसात मी फाइलसुद्धा उभ्यानंच वाचायची आणि घरी आले की काहीतरी हलवायची. कपाट, कुंड्या, नवरा, जे हाताला लागेल ते.

अशात ऑफिसातल्या एका साहेबांकडे डोंबिवलीला सत्यनारायणाला गेले आणि प्रसादाचा द्रोण हातातच राहिला. हॉलमध्ये दोन उंच जाळीदार फळ्या उभ्या होत्या आणि त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत कुणीतरी तानपुरा छेडत बसलं होतं. दिसत नव्हतं, एवढंच. साहेब दिवाळीनंतर मुलीकडे परदेशी चालले होते, सामान विकायला काढलं होतं. मी बाकी काही विचारलंच नाही. पुढच्या रविवारी ते स्पीकर टेंपोतून वर्तकनगरला आले.

आमचे हे जिन्यातच म्हणाले, "अगं, दारं आणलीस ते ठीक. पण खोली कुठाय?"

प्रश्न रास्त होता. ह्या स्पीकरांना भोंगा नसतो. भोकं पाडलेल्या दोन पत्र्यांमध्ये पतंगाच्या कागदाहून पातळ प्लॅस्टिक ताणलेलं असतं. ॲम्प्लिफायरच्या वायरी तर जोडायच्याच, शिवाय प्रत्येक फळीची स्वतःची पिन भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायची. मग त्या प्लॅस्टिकवर वीज साचते आणि ते थरथरून गातं. आवाज पाठीमागूनही निघतो, म्हणून भिंतीला टेकवून चालत नाही. भिंतीपासून दोन हात पुढे, म्हणजे आमच्या हॉलच्या मधोमध. मामंजींची आरामखुर्ची गेली स्वयंपाकघराच्या दाराशी, फोडणीच्या धुरात.

मामंजी ओरडणाऱ्यांतले नव्हते. ते मुदत घालणाऱ्यांतले होते.

"दसऱ्यापर्यंत थांबतो, सूनबाई. माझे मित्र सोनं द्यायला येतील, त्यांना ऐकव. पसंत पडलं तर राहू दे. नाहीतर खुर्ची हॉलमध्ये आणि दारं डोंबिवलीला."

साहेब परत घेतील का, हेही त्यांनी फोन करून विचारून ठेवलं होतं. घेणार होते!

झालं. माझी झोप उडाली. त्या घरात सगळं आधीपासूनचं होतं, पडद्यांपासून पातेल्यांपर्यंत. हे स्पीकर तेवढे मी आणलेले, माझे. लाल टोक लाल खुंटीला, काळं काळ्या खुंटीला, हे मी रोज संध्याकाळी पर्स न ठेवताच तपासायची. एका बाजूचं उलटं लागलं तर गाणारी बाई मध्ये न बसता घरभर हिंडते. मग शिंप्याची टेप घेऊन अंतरं. एक फळी बोटभर पुढे, दुसरी नखभर तिरकी. फरशीवर खडूच्या खुणा करायची, सकाळी सासूबाई ओल्या फडक्यानं त्या इमानदारीत पुसायच्या. शेवटी मी फळ्यांवरचं पुढचं कापडही काढून टाकलं, म्हटलं, आवाज गाळतं मेलं. उघडे पत्रे बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, निदान पातळ तरी नेसव त्यांना."

दसऱ्याला सकाळपासूनच मी दोन्ही पिना लावून ठेवल्या. सासूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन घरभर फिरल्या. शिवणयंत्र, मिक्सर, ह्यांची स्कूटर, विळीसुद्धा. स्पीकरांपाशी आल्या तशी मी आडवी आले.

"आई, इथं नको. हे शास्त्र फार नाजूक असतं."

"बरं बाई. तुझ्या शास्त्राला लांबूनच नमस्कार," म्हणून त्या पुऱ्या तळायला गेल्या.

आणि माझा जीव खालीवर. घरातल्या प्रत्येक यंत्राला कुंकू, आणि आज ज्यांची परीक्षा तेच दोघे कोरे! बी.एस्सी. झालेल्या ह्या बाईच्या मनात आलं, रुसले तर? मित्रमंडळी जिना चढत असताना मी देवघरातली कुयरी उचलली, चिमटीत कोरडं कुंकू घेतलं आणि उजव्या फळीशी गेले. बोट टेकायच्या आधीच कुंकू चिमटीतून उडालं आणि भोकांतून आत. ओढूनच घेतलं म्हणा ना. वीज साचलेलं प्लॅस्टिक धूळ ओढतं, हे व्याख्यान मीच घरात रोज झोडत होते.

आपट्याची पानं देऊन झाली, पुऱ्या झाल्या, मी कॅसेट लावली. डावीकडून स्वच्छ तानपुरा. उजवीकडून तड, तड, तडतड.

"मोहरी छान तडतडतेय," मामंजींचे एक मित्र म्हणाले.

सासूबाई वाकून जाळीतून बघायला लागल्या. आत सगळं लालेलाल. "अगं, मी खालच्या लाकडी पायाला बोट लावणार होते! तू तर थेट भांग भरलास."

सगळे हसले. मी उजवी पिन उपटली, वायर सोडली. ती बाजू मुकी झाली. एकटी डावी गात राहिली, आणि मी निकालाची वाट बघत उभी.

मामंजी उठले. मुकी फळी त्यांनी स्वतः भिंतीकडे सरकवली, आरामखुर्ची ओढत आणून बरोब्बर तिच्या जागी मांडली, आणि गाणाऱ्या फळीकडे तोंड करून डोळे मिटून बसले.

"मामंजी, असं नाही हो ऐकायचं. दोन्ही लागतात. मधोमध बसून..."

"हे एक राहील," डोळे न उघडता ते म्हणाले. "दुसरं तुमच्या खोलीत ने. तिथं काय भांग भरायचा तो भर."

म्हणजे अर्धी जिंकले होते की अर्धी हरले होते, मला कळेना. मी ह्या पायावरून त्या पायावर.

"आणि बस बघू आता. गाण्यात तुझ्या बांगड्या येतायत."

बसले. खाली फरशीवरच. आलाप खरंच सुरेख चालला होता. अंतरा येईपर्यंत मी दम धरला, मग वाटलं, ही फळी बोटभर डावीकडे घेतली तर?