प्लेगात उघडलेलं वाचनालय

किस्से म्हणजे फणसाचा चीक. खाताना कळत नाही, उठताना बोटं चिकटलेली सापडतात. आमच्या रत्नागिरीच्या वाचनालयात माझा जन्म गेला, तेव्हा किती चीक साचला असेल ते तुम्हीच बघा. त्यातले प्लेगच्या सालातले तेवढे सांगते. बाईने मोठ्याने बोललेलं ज्यांना खपत नाही त्यांनी खुशाल पान उलटावं.

तेव्हा रूल असा, की बाईने वाचनालयाची पायरी चढायची नाही. पुस्तक हवं तर घरच्या पुरुषाने न्यावं. माझा पुरुष आगबोटीवर खलाशी, वर्षातून एकदा दिसायचा. म्हणजे मला वर्षाला एक पुस्तक! शाळेत मी गेले नाही, भावाच्या पाटीवरून अक्षरं उचलली. ती काय लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवायला?

*

प्लेग आला तशी निम्मी रत्नागिरी घरं सोडून सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळावर, झोपड्यांत गेली. कमिटीने वाचनालयाला कुलूप घातलं आणि चेअरमन भाऊसाहेब वकील गुहागरला सासुरवाडीला जाऊन बसले. किल्ली राहिली ग्रंथपाल बापूंकडे.

मी म्हटलं, "बापू, उघडा."

"वहिनी, ठराव झालाय. आत कोणी शिरायचं नाही."

"नकाच शिरू देऊ. खिडकीबद्दल ठरावात काय आहे?"

बापूंनी पुष्कळ आठवून बघितलं. खिडकीबद्दल काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली. स्पर्श नको म्हणून बापू आतून घळीने पुस्तक द्यायचे, आंबे उतरवायची ती जाळीवाली लांब काठी. पुस्तक जाळीत घालून अलगद बाहेर. एक म्हातारा बागवाला रस्त्यात थांबला.

"काय उतरवताय, बापू?"

"कादंबरी."

"बघा हां, कच्ची काढू नका."

*

परत आलेल्या पुस्तकांना गंधकाची धुरी द्यायची आणि दिवसभर ऊन दाखवायचं, हा बापूंचा कायदा. वाचनालयाला अंगण वीतभर. जानकी खारवीण माझी मैत्रीण. तिचं खळं मोठं, सारवलेलं, मासळी वाळत घालायचं. पुस्तकं तिथे गेली, बोंबलांच्या शेजारी.

आठ दिवसांनी शास्त्रीबुवा खिडकीशी येऊन कडाडले, "योगावरच्या ग्रंथाला बोंबलाचा वास येतो!"

जानकी मागेच मासळीची पाटी घेऊन उभी. म्हणाली, "मंग आमच्या बोंबलांना ग्रंथाचा वास लागला त्याचं काय? माझं गिऱ्हाईक एक अक्षर बोललं नाय."

ग्रंथ मात्र बुवा घेऊन गेले. नाक धरून.

*

सड्यावर दुपारी बायकांना मी कादंबरी वाचून दाखवायचे. चाळीसेक जणी जमायच्या, पुढे पुढे पुरुषही झोपडीच्या आडून ऐकायचे आणि ऐकत नाही असं दाखवायचे.

एकदा प्लेगची सुई टोचायला डॉक्टर आले. सगळ्या बायका पळाल्या. कोणी म्हणे सुईने गर्भ जातो, कोणी म्हणे धर्म जातो. मी पुस्तक मिटलं आणि ओरडून सांगितलं, "पुढचं प्रकरण फक्त टोचून घेतलेल्यांना."

रांग लागली. डॉक्टर चाट. "बाई, तुम्ही केलंत तरी काय?"

"काही नाही. नायिकेला विहिरीत लोंबकळत ठेवलीय."

राधाकाकू नावाची म्हातारी टोचून घेऊन परत रांगेत उभी. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचं झालंय."

"ठाऊक आहे. मला दोन प्रकरणं ऐकायचीत."

*

साथ ओसरली. माणसं सड्यावरून उतरली, भाऊसाहेब गुहागरहून आले, आणि आल्या आल्या त्यांनी खिडकीला फळ्या ठोकायला लावल्या. मी गेले विचारायला. पायरीच्या खालूनच, अर्थात.

म्हणाले, "बाई, साथ होती म्हणून चाललं. साथ गेली, सवलत गेली."

"साथ गेली, पण आम्हाला वाचता येतं ते गेलं नाही. आता आम्ही आत बसून वाचणार."

"बायका आत बसल्या तर पुरुषांनी जायचं कुठे?"

"गुहागरला. वाट ठाऊक आहे ना?"

दोन मेंबर खोकायला लागले. रूल काही बदलला नाही.

*

मग वाचनालय थाटात पुन्हा उघडायचं ठरलं. मुंबईचे पाहुणे बोलावले, दाराला आंब्याची पानं. भाऊसाहेबांचा मला निरोप आला: पाहुण्यांना ओवाळायला पाच सवाष्णी पाठवा, ओवाळून झालं की मागल्या दाराने जा.

पाचांत जानकीला मीच घेतली. नवरा तारवावर धडधाकट, सवाष्ण नाही कोण म्हणेल? तबकं मांडायला आत तर जावंच लागतं. आम्ही गेलो. तबकं मांडली, निरांजनं तयार ठेवली, आणि कपाटातून एक कादंबरी काढून हॉलमधल्या बाकावर ओळीने बसलो.

पाहुणे आले. भर दुपार. ओवाळल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा कसा? भाऊसाहेब दारातच घाम पुसत उभे, मागे पाहुणे, त्यांच्या मागे अर्धं गाव.

"बापू, सवाष्णी कुठायत?"

"आत आहेत."

"मग बोलवा!"

बापू आत येऊन गेले. बाहेर जाऊन म्हणाले, "येतायत. म्हणाल्या, एवढं प्रकरण संपलं की उठतो."

भाऊसाहेबांनी पाहुण्यांकडे बघून हसल्यासारखं केलं. मग हळूच विचारलं, "वाचतंय कोण?"

"जानकी, साहेब. गेल्याच महिन्यात मुळाक्षरं संपवलीत तिने."