अरबाब यार्डात आले तेव्हा

माझी मुलगी नववीत आहे. जन्म शारजातला, त्यामुळे ती माझ्याशी भांडते ते इंग्रजीत. यंदा शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिला विषय मिळाला होता, युद्ध चालू असताना नेत्यांनी आघाडीवर जावं की नाही. तिची बाजू 'जावं'ची. आठवडाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसरं महायुद्ध पसरलेलं होतं. दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं, त्या दिवशी ब्रिटनच्या पंतप्रधानांना युद्धनौकेवरून ते स्वतः बघायचं होतं. सगळे नको म्हणत होते, पण हे ऐकेनात. शेवटी राजानेच समजूत घालून अडवलं. गंमत म्हणजे राजालाही आधी जायचं होतंच. मग काही दिवसांनी पंतप्रधान गेले आणि त्यांच्यामागून राजाही जाऊन आला.

मुलीने लॅपटॉपवर फोटो दाखवला. पंतप्रधान किनाऱ्यावर उभे, भोवती सेनापती, सगळे खुशीत.

"लुक बाबा, दे आर सो हॅपी. दॅट्स व्हॉट अ व्हिजिट डझ."

मी फोटो नीट बघितला आणि म्हणालो, "हे सगळे त्यांच्याकडे बघताहेत. समुद्राकडे कोण बघतंय?"

"बाबा! यू आर सच अ सेफ्टी ऑफिसर!"

खरंच आहे ते. हमरिया फ्री झोनमध्ये स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या एका यार्डात मी सेफ्टी ऑफिसर आहे आणि हा धंदा माझ्या अंगात मुरलाय. बायको अजून सगळ्यांना सांगते की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर मी तिच्याकडे नाही, मांडवाच्या बांबूकडे बघत होतो. बांबू सैल होता, हे मात्र ती सांगत नाही.

त्याच आठवड्यात आमच्या यार्डाचे मालक येणार होते. त्यांना सगळे अरबाब म्हणतात. म्हातारे, प्रेमळ गृहस्थ. पांढराशुभ्र, पायघोळ कंदुरा, आणि कामगारांशी हिंदीत बोलायची हौस. ते फार क्वचित येत, म्हणून ते येणार म्हटलं की यार्डाचं लग्नघर व्हायचं. फुटपाथच्या कडा रंगल्या, सगळ्यांना नवे कव्हरऑल मिळाले, वर्कशॉपच्या दारात लाल गालिचा आला. काम मात्र थांबवायचं नव्हतं, कारण टाक्या जहाजावर चढवायची तारीख डोक्यावर होती. एकीकडे गालिचा आणि दुसरीकडे वेल्डिंग. मी मॅनेजरना म्हणालो, त्या सकाळी टाकीच्या आतलं काम तरी बंद ठेवू या. ते म्हणाले, "अरे, अरबाबला चालू काम बघायचंय. टेन्शन मत ले यार."

टेन्शन न घेण्याचा पगार मला मिळत नाही, हे मी मनातच म्हणालो.

टाकीच्या आत त्या दिवशी दापोलीचे काका होते. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने वेल्डर, रोज दहाच्या चहाला माझ्याशेजारी बसून दापोलीतल्या नव्या घराच्या स्लॅबची हकिकत सांगणारे. स्टीलच्या वेल्डिंगला ते वापरतात तो गॅस हवेपेक्षा जड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो तळाशी साचतो आणि माणसाला कळायच्या आत झोपवतो. म्हणून एक मोठा पंखा, म्हणजे ब्लोअर, जाड नळीतून सतत आत ताजी हवा ढकलत असतो. आतल्या माणसाच्या पट्ट्याला दोर असतो आणि टाकीच्या भोकाशी एक माणूस स्टुलावर नुसता बसलेला असतो. त्याचं काम एकच, तिथून हलायचं नाही. आत हाक मारत राहायचं आणि पंखा बंद पडला तर दोर ओढायचा. आमचा हा माणूस पाटणकडचा होता. सकाळी मी स्वतः त्याला बजावून आलो होतो.

अरबाब आले. गालिच्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही ओळीने उभे. मला सांगितलं होतं ऑफिसच्या लोकांत, अगदी टोकाला उभं राहायचं. अरबाब एकेकाचा हात हातात घेऊन "कैसे हो? घर में सब ठीक?" असं विचारत पुढे येत होते. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. इतक्या मोठ्या माणसाने आपल्या घरचं विचारावं, याचं कुणालाही बरं वाटेल. कंपनीचा फोटोग्राफर पुढे-मागे पळत होता. मग अरबाब दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि त्यांचा म्हातारा, हळू आवाज मला टोकाला उभं राहूनही स्पष्ट ऐकू आला.

स्पष्ट कसा काय ऐकू आला?

यार्डात इतकी शांतता कधीच नसते. सुटीच्या दिवशीही कुठला ना कुठला पंखा घरघरत असतो. मी समोरच्या ओळीकडे बघितलं. नवाकोरा कव्हरऑल घालून, छाती पुढे काढून, पाटणवाला तिथे उभा होता. माझ्याकडे बघून हसला.

मी ओळ मोडून, गालिचा तुडवत पलीकडे गेलो.

"तू इथे कसा? काका कुठायत?"

"साहेब, फोरमॅन म्हणाला लाइनमध्ये माणूस कमी पडतोय, यल्ला, चल. काकांना तोच बाहेर काढणार होता..."

मी फोरमॅनकडे बघितलं. तो म्हणाला, "सेफ्टी साब, मैंने तो सिर्फ ब्लोअर बंद किया, स्पीच के लिए. आदमी तो ये निकालेगा ना?"

आम्ही धावलो. पळताना मला देव आठवत होते आणि मध्येच काकांचा स्लॅबही आठवत होता. टाकीशी पोचल्यावर मी पंखा सुरू केला. पाटणवाला "काका!" म्हणून ओरडत भोकातून आत शिरायला लागला, त्याची कॉलर धरून मी त्याला मागे खेचलं. असा आत गेलेला दुसरा माणूस बहुधा पहिल्याच्या शेजारीच पडतो. दोराचं टोक बाहेरच होतं. आम्ही दोघांनी तो ओढला. दोराला नुसतंच वजन लागत होतं, पलीकडून काही हालचाल नव्हती. तेवढ्या वेळात मी काय काय बडबडलो मला आठवत नाही. पाटणवाला नंतर म्हणाला, तुम्ही शिव्या देत होतात.

काका बाहेर आले तेव्हा ओठ निळे पडलेले. कानांवरचं संरक्षण अजून तसंच होतं, म्हणूनच पंखा बंद झालेला त्यांना कळला नव्हता. टाकीशेजारी ठेवलेला ऑक्सिजनचा मास्क मी त्यांच्या तोंडावर धरला आणि वर बघितलं, तर अरबाब आमच्याकडेच येत होते. त्यांच्या मागे मॅनेजर, त्यांच्या मागे सगळं ऑफिस आणि मोबाइल वर धरलेले हात. त्या भल्या माणसाला काळजी वाटली, म्हणून ते आले. आणि ते आले म्हणून सगळे आले. त्या गर्दीमागे स्ट्रेचर अडकलं होतं.

मी ओरडलो, "पीछे हटो! अरबाब, आप भी! हवा आने दो!"

मॅनेजरचा चेहरा मला अजून दिसतो. व्हिसा, शाळेची फी, घरभाडं, सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं. अरबाब थबकले आणि हात पसरून त्यांनी स्वतःच सगळ्यांना मागे रेटलं.

थोड्या वेळाने काकांनी डोळे उघडले. समोर थोड्या अंतरावर त्यांना पांढरा कंदुरा दिसला. त्यांनी मास्क बाजूला सारला, कोपरावर भार दिला आणि उठून उभं राहायची धडपड करू लागले. सकाळी सगळ्यांना सांगितलं होतं ना, अरबाब समोर आले की उभं राहायचं. मी त्यांना धरून ठेवलं. ते मला म्हणत होते, "सोडा साहेब, बरं दिसत नाय."

मला रडू आवरलं नाही.

काकांना दोन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं. आता बरे आहेत, पण बोलता बोलता एखादा शब्द विसरतात, आणि मग मीही चहा हातात धरून त्या शब्दाची वाट बघत बसतो. मला कुणी काही बोललं नाही. हे न बोलणं चांगलं की वाईट, तेही मला अजून कळलेलं नाही.

अरबाब आले त्याच संध्याकाळी कंपनीच्या ग्रुपवर भेटीचा फोटो आला होता. मुलीला तो तिच्या भाषणासाठी हवा होता. मी तिला काकांचं सगळं सांगितलं होतं, म्हणून तिने फोटो मोठा करून नीट बघितला. अरबाबांच्या खांद्यामागे टाकी होती. टाकीचं काळं भोक आणि शेजारी रिकामं स्टूल.

"बाबा, व्हेन दे टुक धिस... ही वॉज इन देअर?"

"हो."

मग तिने फोटो बाजूला सरकवत सरकवत ओळीच्या अगदी टोकाशी नेला. तिथे मी उभा होतो. अरबाबांकडे बघत, सगळ्यांसारखाच हसत.