बाळमामांचा गुडघा

ऑगस्टात प्रार्थनासभेची पाळी प्रेमला उजागरेच्या घरी आली. चर्चच्या मंडळीचा हा जुना रिवाज. दर बुधवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, गाणी म्हणायची, वचन वाचायचं, मग एकेकानं आपली विनंती सांगायची आणि घरच्या बाईनं सगळ्यांसाठी मोठ्यानं प्रार्थना करायची. शेवटी चहा. पाळी चुकवली तर त्या घरात काहीतरी बिनसलंय हे सगळ्या मंडळीला कळतं. म्हणून प्रेमलानं ती चुकवली नाही.

बिनसलं होतं ते असं. तिचा नवरा शरच्चंद्र वाघोलीकडच्या ज्या कारखान्यात लेथवर होता, त्याला ईस्टरनंतर टाळं लागलं. उघडणार, उघडणार म्हणता म्हणता फाटकावरची पाटीसुद्धा कुणीतरी काढून नेली. तरी तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा. नारायण पेठेतल्या शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. मंडई उठताना जी भाजी हाती लागेल तिचा डबा प्रेमला भरून द्यायची. दोघांनी ठरवलं काहीच नव्हतं, पण ते खोटं दोघंही उपासनेसारखं नेमानं पाळत होती. चर्चला जाणं मात्र त्यानं सोडलं. "देवाला मी घरातही दिसतो," तो म्हणाला. "मंडळीला दिसायची हौस नाही."

गेल्या आठवड्यात तो गुडघ्यापर्यंत भिजून घरी आला. पाऊस नव्हता.

"नदीच्या घाटावर पाय घसरला," एवढंच म्हणाला. डबा तसाच भरलेला. प्रेमलानं पँट पिळून वाळत घातली, विचारलं काही नाही. पण तेव्हापासून संध्याकाळी जिन्यावर त्याच्या चपला वाजेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसे.

बुधवारी सातआठ जण जमले. शरच्चंद्र आतल्या खोलीत दार लोटून बसला.

"ह्यांचं डोकं दुखतंय," प्रेमला म्हणाली.

"रविवारचं राहिलेलं का नवीन?" विजयमालाबाईंनी विचारलं. महिला मंडळाच्या अध्यक्षा, शाळेतून निवृत्त झालेल्या. शाळा सुटली तरी छडी सुटली नव्हती.

विनंत्या सुरू झाल्या. बाळमामा मंडळीतले सर्वांत म्हातारे. त्यांना दोघांनी धरून जिना चढवला होता. "माझी विनंती तीच. गुडघा. उतरता येतं, चढता येत नाही. इतकी वर्षं तुम्ही प्रार्थना करताय. मी देवाला दोष देत नाही, तुम्हाला देतो."

सगळे हसले. मग कुणीतरी हेमाच्या बाळंतपणासाठी विनंती केली. "तुझं काय गं, प्रेमला?" विजयमालाबाई म्हणाल्या.

"माझं काही नाही. सगळं ठीक आहे."

तिनं डोळे मिटले. "हे स्वर्गीय बापा, बाळमामांच्या गुडघ्याला बळ दे. हेमाच्या बाळंतपणात तिच्याजवळ राहा. ज्यांच्या हातचं काम गेलंय..."

रोज पहाटे स्टोव्हपाशी एकटीच ती हेच पुटपुटत असे. इथवर आली आणि जीभ त्या सवयीच्या वाटेला लागली.

"ह्यांचं काम गेलंय, तुला ठाऊकच आहे. डब्यात आज नुसती भाकरी आणि मीठ दिलं. हे काही बोलत नाहीत. बापा, काम नाही दिलंस तरी चालेल, पण ह्यांना नदीकडे जाऊ देऊ नकोस. मला संध्याकाळी चपला वाजलेल्या ऐकू येऊ देत, दुसरं काही मागत नाही..."

मग तिला खोलीतली शांतता ऐकू आली. आमेन म्हणायचंही कुणाला सुचेना.

आतलं दार उघडलं. शरच्चंद्रनं कुणाकडे न पाहता चपला पायात अडकवल्या आणि तो जिना उतरू लागला.

इतके महिने झाकलेली त्याची लाज प्रेमलानं चारचौघांत मांडली होती. आता तो कुठे जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिला जागचं हलता येत नव्हतं.

बाळमामा भिंत धरून उठले.

"मामा, तुम्ही नका," विजयमालाबाई म्हणाल्या. "परत चढणार कसे?"

"ते मग बघू."

त्यांची काठी जिन्यावर टकटक करत गेली आणि मध्येच थांबली.

"शरद." चपला थांबल्या नाहीत. "अरे, समजूत घालायला नाही आलो. मला ते जमतही नाही. अर्ध्या जिन्यात गुडघा अडकलाय, वरही जाता येईना नि खालीही. हात दे."

खाली काहीच वाजेना. विजयमालाबाईंनी प्रेमलाचं मनगट घट्ट धरलं होतं. त्यांचे ओठ हलत होते. प्रेमलाला मात्र एक शब्द सुचत नव्हता.

मग एक चप्पल वाजली. थांबली. दुसरी वाजली. वर येत होती.

"हळू," शरच्चंद्रचा आवाज आला, चिरका. "भार टाका माझ्यावर."

"आमेन ते वर आले की म्हणू," विजयमालाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तू चहा टाक. साखर नसेल तर तसाच टाक."

कारखाना काही उघडला नाही. पण शनिवारी बाळमामांचा निरोप आला, चर्चला पायऱ्या आहेत, उद्या शरदला पाठव. मग प्रत्येक शनिवारी तो निरोप येऊ लागला. प्रेमला अजून पहाटे सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना करते. त्या गुडघ्याला बळ दे म्हणायची वेळ आली की मात्र तिची जीभ जराशी अडते.